पाठ मोजून घेतलेली सॅक

जुन्या वाड्यांची मोजमापं घेणं आणि छायाचित्रांसह त्यांची नोंद करणं हे माझं काम. घर कोथरूडला, ऑफिस नारायण पेठेत. सर्व्हे असेल त्या दिवशी कॅमेरा खांद्यावरच्या बॅगेतून माझ्याबरोबर यायचा, एरवी कपाटात असायचा. पण पेठांमधला वाडा उतरवायला कुठल्या दिवशी सुरुवात होईल ते कोणीच सांगू शकत नाही. सोमवारी जाता जाता नजरेला पडलेली लाकडी महिरप, गुरुवारी तिच्याभोवती पत्रे ठोकलेले असतात आणि पुढच्या आठवड्यात आतल्या चौकात ट्रक उभा असतो. मोबाईलवर फोटो निघतो, पण तुळईवरचं कोरीव काम अंधाऱ्या ओसरीत नीट टिपायचं तर कॅमेराच लागतो. म्हणून मला रोज पाठीवर असेल अशी सॅक हवी होती. तीच दोन दिवसांच्या प्रवासालाही चालावी, कारण दोन सॅक ठेवल्या की कॅमेरा नेमका दुसरीत राहतो.

दुकानात जाण्याआधी मी सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. माझा कॅमेरा निकॉन झेड ६ टू, बॅटरी आणि कार्डासकट ७०५ ग्रॅम. २४-१२० मिलिमीटरची लेन्स ६३० ग्रॅम, वाड्यांच्या आतल्या अरुंद जागांसाठीची रुंद कोनाची १४-३० ची ४८५. लॅपटॉप जवळजवळ तेराशे ग्रॅम. मग लेझर मीटर, टेप, वही, चार्जर, भरलेली लिटरची बाटली आणि डबा. सॅकचं स्वतःचं वजन धरण्याआधीच आकडा साडेपाच किलोपर्यंत गेला. बऱ्याचशा कॅमेरा सॅक रिकाम्या असतानाच दीड-दोन किलोच्या असतात. म्हणजे रोज सात किलो.

किती वजन जास्त म्हणायचं, याला मोठ्या माणसांसाठी माझ्या माहितीत काही नियम नाही. पण शाळेच्या दप्तरांसाठी केंद्र सरकारचं २०२० चं धोरण आहे. त्यात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावं असं म्हटलंय. मी तोच आकडा माप म्हणून धरला. माझं वजन ५४ किलो, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास थांबायला हवं. त्या एका आकड्याने पुढचे बरेच निर्णय सोपे झाले. १४-३० फक्त सर्व्हेच्या दिवशी, चार्जरचा एक जोड ऑफिसातच, बाटली अर्ध्या लिटरची, आणि सॅक आतल्या पार्टिशनसकट दीड किलोच्या वर अजिबात नको. दुकानात मला भुरळ घालणाऱ्या अर्ध्याहून जास्त सॅक या शेवटच्या अटीवरच बाद होणार होत्या, आणि झाल्याही.

दुसरं माप पाठीचं. हे कॅमेऱ्याच्या दुकानात कोणी विचारत नाही, ट्रेकिंगच्या दुकानात मात्र पहिल्यांदा विचारतात. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक मणका वर येतो. तिथून खाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवल्यावर अंगठे जिथे पाठीवर येतात त्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची लांबी. आईने टेप धरली, माझी निघाली ४१ सेंटीमीटर. उंचीवरून हे कळत नाही. माझ्याच उंचीच्या मैत्रिणीची पाठ माझ्यापेक्षा चांगली तीन बोटं लांब आहे. कॅमेरा सॅक बहुधा एकाच मापात येतात आणि ते माप साधारणपणे माझ्याहून उंच पुरुषाच्या पाठीला बसणारं असतं. अशी सॅक मी पाठीला लावली की कमरपट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली कुल्ल्यावर येतो आणि सगळं वजन खांद्यांवर लटकतं.

तसंही बहुतेक रोजच्या सॅकचा कमरपट्टा ही नुसती एक नायलॉनची पट्टी असते. चालताना सॅक हलू नये एवढंच तिचं काम. वजन खरोखर कमरेवर उतरायचं असेल तर पट्टा जाड आणि रुंद हवा आणि सॅकच्या पाठीत ताठ फ्रेम किंवा पत्रा हवा, नाहीतर वजन खाली पोचतच नाही. कॅमेऱ्याच्या बॅगांमधलं जुनं नाव लोवेप्रो. तिचे संस्थापक ग्रेग लोव गिर्यारोहक होते आणि आतल्या फ्रेमची सॅक घडवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. म्हणजे कॅमेऱ्याची सॅक आणि डोंगराची सॅक या मुळात एकाच घरातल्या. हे वाचल्यावर मी डेक्कनच्या ट्रेकिंगच्या दुकानांमध्येही तितक्याच गंभीरपणे शोधायचं ठरवलं.

दुकानात मी स्वतःचं सामान घेऊन गेले. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्याने काहीही कळत नाही. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातल्या दादांना मी विचारलं, "माझा कॅमेरा, लॅपटॉप, डबा सगळं यात भरून दहा मिनिटं चालून बघू का?" ते म्हणाले, "ताई, बघा की. जिनाही चढून या." जिना खरंच चढले. वाड्यांचे जिने अरुंद आणि उभे असतात, भिंतीतून वर जाणारे, आणि सॅक जाड असली की वळताना भिंतीला घासते. म्हणून खोली, म्हणजे पाठीपासून बाहेर किती येते ते, माझ्यासाठी लिटरपेक्षा महत्त्वाचं ठरलं.

लिटरच्या आकड्यावर तसाही फार विसंबू नये. सॅकची क्षमता मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, तीत वीस मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गोळे सॅकमध्ये भरून ते मोजतात. पण सगळे उत्पादक तीच पद्धत वापरतात असं नाही. कोणी बाहेरचे खिसे धरतो, कोणी नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये फोमच बरीच जागा खातो. वीस लिटरच्या गुबगुबीत कॅमेरा सॅकमध्ये माझा डबा आडवा झाला, अठरा लिटरच्या साध्या ऑफिस सॅकमध्ये तोच सरळ उभा राहिला.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो सॅक उघडते कुठून यावर. कॅमेऱ्याच्या सॅकमधला खरा फरक मला इथे दिसतो, आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या कामावर ठरतं.

पहिला प्रकार बाजूने उघडणारा. एक पट्टा खांद्यावरून काढायचा, सॅक कुशीत ओढायची आणि बाजूची चेन उघडून कॅमेरा काढायचा. सॅक खाली ठेवावीच लागत नाही. पीक डिझाइनची एव्हरीडे बॅकपॅक या प्रकारातली सगळ्यांना ठाऊक असलेली. दोन्ही बाजूंना चेन, वर चुंबकाने बसणारी कडी, आतली पार्टिशनं घडी होणारी. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना, लग्नाचं काम करणाऱ्यांना यापेक्षा चांगलं काही नाही. मीही ती हातात घेऊन बराच वेळ रेंगाळले. एवढी नीट विचार करून बनवलेली वस्तू क्वचित हातात येते. पण कॅमेरा बाजूने पटकन निघायचा तर तो सॅकच्या मध्यभागी आडवाच ठेवावा लागतो, आणि मग खाली एक कोनाडा, वर एक कोनाडा असे दोन तुकडे उरतात. डबा, छत्री आणि संध्याकाळी मंडईतून घेतलेली भाजी या तुकड्यांत बसत नाही.

दुसरा प्रकार पुढून, सुटकेससारखा पूर्ण उघडणारा. सगळं सामान एका नजरेत दिसतं. पण उघडताना पाठीची बाजू जमिनीवर टेकते. माझ्या कामाच्या जागा म्हणजे पारव्यांच्या विष्ठेने भरलेले माळे, मातीच्या भिंतींची पावडर पडलेल्या ओसऱ्या, पावसाळ्यात चिखल झालेले चौक. ती सगळी घाण पट्ट्यांना आणि जाळीला लागणार आणि तिथून माझ्या कुर्त्याला.

तिसरा प्रकार पाठीकडून उघडणारा. यात सॅक बाहेरच्या तोंडावर पालथी ठेवायची आणि पाठीला टेकणारा भागच झाकणासारखा उघडायचा. धूळ बाहेरच्या कापडाला लागते, पाठ स्वच्छ राहते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. चेन पाठीला चिकटलेली असते, त्यामुळे गर्दीत मागून कोणी ती उघडू शकत नाही. गणपतीत लक्ष्मी रोडवर किंवा पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी शहरभर जी गर्दी असते, तिच्यात कॅमेरा पाठीवर असून मन शांत राहणं ही मोठीच सोय आहे. मेट्रोत किंवा पीएमपीच्या बसमध्ये सॅक पोटाशी धरली की चेन अंगालाच लागून असते. तोटा एकच, कॅमेरा काढायला वेळ लागतो, सॅक टेकवायला जागा लागते. वाडा कुठे पळून जात नाही, त्यामुळे माझ्या कामात तेवढा वेळ असतो.

इथपर्यंत येऊन पाठीकडून उघडणारी सॅक पक्की झाली. पण पाऊस उरला होता, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर सॅक भिजणारच हे धरूनच चालावं लागतं.

कापडाविषयी दुकानदार डेनियरचा आकडा सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १६८० डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन घासण्याला दणकट असतं, पण जडही असतं. मला चारशेच्या आसपासचं नायलॉन पुरेसं वाटलं. आकडा जास्त म्हणजे पाणी कमी शिरतं, असा मात्र काही संबंध नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतून दिलेला लेप. आणि लेप कितीही चांगला असला तरी शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी येतंच. म्हणून रेनकव्हर लागतं.

रेनकव्हरची मर्यादा स्कूटरवरच कळते. ते सॅकच्या बाहेरच्या अंगाला झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच असते. जोराच्या सरीत रेनकोटच्या मानेवरून ओघळलेलं पाणी सॅक आणि पाठ यांच्या फटीत उतरतं, आणि पाठीकडून उघडणाऱ्या सॅकची चेन नेमकी तिथेच असते. चोरापासून वाचवणारी जागाच पावसात नाजूक ठरते. यावर उपाय सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा, जुना आणि स्वस्त. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि तिच्यात सगळं सामान. बाहेरची सॅक भिजू द्यायची, आतलं कोरडं ठेवायचं. हे एकदा मान्य केलं की सॅक पूर्ण वॉटरप्रूफ हवी हा हट्ट सुटतो आणि किंमत बरीच खाली येते.

याच विचारातून कॅमेऱ्याचा भाग सॅकला शिवलेला नको, वेगळा काढता येईल असा हवा, हे माझ्या डोक्यात पक्कं झालं. एफ-स्टॉप नावाची कंपनी सॅक आणि आतला कॅमेऱ्याचा गादीदार डबा वेगवेगळे विकते. टेनबा या कंपनीचेही साध्या सॅकमध्ये घालायचे असे डबे मिळतात. दुकानात त्याला इन्सर्ट म्हणतात. हा वेगळा डबा माझ्या सगळ्या अटी एकदम सोडवत होता. ऑफिसात पोचलं की डबा उचलून कपाटात, सॅक मोकळी. सर्व्हेला जाताना डबा परत आत. प्लॅस्टिकच्या पिशवीत फक्त डबाच घालायचा, सगळं सामान नाही.

पावसाळ्यात तर याचा आणखी एक फायदा आहे. लेन्सला बुरशी धरते ती दमट हवेत, आणि ओला झालेला फोम ओलावा दिवसेंदिवस धरून ठेवतो. भिजलेल्या सॅकमध्येच कॅमेरा ठेवून ती कोपऱ्यात टाकणं हे बुरशीला आमंत्रणच. आता घरी आलं की डबा बाहेर काढते, कॅमेरा आणि लेन्स हवाबंद प्लॅस्टिकच्या पेटीत सिलिका जेलबरोबर ठेवते आणि डबा पंख्याखाली उघडा. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करून घ्यायचे. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर पेटीत आहे, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहील एवढं बघते. त्याहून फार कोरडं केलं तर रबर आणि वंगणाला ते चांगलं नाही.

सॅक अखेर घेतली ती ट्रेकिंगच्या दुकानातून. अठ्ठावीस लिटरची, पाठीकडून उघडणारी, आत हलकी फ्रेम, पाठीची लांबी वेल्क्रोने वरखाली करता येणारी, रंग मळखाऊ करडा. बाहेर कुठे कॅमेऱ्याचा मागमूस नाही. खांद्याचे पट्टे थोडे वळणदार आहेत आणि छातीवरचा पट्टा वर-खाली सरकतो. बायकांनी सॅक घेताना या सरकत्या पट्ट्याकडे जरूर बघावं. तो एका जागी शिवलेला असला तर नेमका नको तिथे येतो आणि मग आपण तो लावणंच सोडून देतो. चेन वायकेके या नावाजलेल्या जपानी कंपनीची आहे. बाकी सगळं दुरुस्त होतं, पण चेनचे दात गेले की सॅक कामातून जाते, म्हणून इथे मी पैसे वाचवायचा विचार केला नाही.

इन्सर्ट विकत मिळणारे एकतर मोठे होते किंवा माझ्या सॅकच्या तोंडातून बाहेर निघत नव्हते. मग रविवार पेठेत बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी आधी सॅक उलटीसुलटी करून शिलाई बघितली, मग कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, "ताई, लेन्स लावूनच ठेवणार का काढून?" कुठल्याही दुकानात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि डब्याचं सगळं माप त्यावरच ठरतं. लावूनच ठेवणार म्हटल्यावर त्यांनी कॅमेऱ्याची लेन्ससकट लांबी घेतली, वर दोन बोटं जागा सोडली. तळाला पंधरा मिलिमीटरचा कडक फोम, बाजूंना दहाचा. तळाला जास्त, कारण सॅक टेकवताना धक्का खालून बसतो. आत वेल्क्रो चिकटेल असं लवदार अस्तर, म्हणजे पार्टिशन हवं तिथे लावता येतं. वेल्क्रोच्या खरखरीत बाजूला ओढणी अडकते आणि धागे ओढले जातात, म्हणून त्या पट्ट्या फक्त पार्टिशनवर, काठावर कुठेही नकोत एवढं मी सांगितलं. त्यांनी आपणहून वर उचलायला दोन बंद लावून दिले. डब्याचं वजन तीनशे ग्रॅमच्या आत बसलं.

रोजच्या वापरात मी स्कूटरवर सॅक पाठीवरच ठेवते, पायाशी नाही. पायाशी ठेवली की रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट लेन्सला बसतो, पाठीवर असली की अंग तो झेलतं. ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातलं, फोटो हलू न देणारं स्थिरीकरण बिघडू शकतं असं सांगितलं होतं. मोठ्या कॅमेऱ्यांतही सेन्सर किंवा लेन्सची काच हलती असते, तेव्हा ही काळजी मला वाजवी वाटते.

प्रवासाची परीक्षा मेणवलीला झाली. स्वारगेटहून एसटीने वाई आणि तिथून पुढे मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघायला. एसटीच्या वरच्या फळीवर सॅक ठेवायची माझी तयारी नव्हती. मांडीवर घेऊन बसले आणि तिची कमी खोली तिथे कामाला आली. डब्याच्या वर दोन दिवसांचे कपडे, पाठीकडच्या कप्प्यात लॅपटॉपऐवजी वही आणि चादर. घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक. तिथे पायऱ्या ओल्या होत्या. सॅक पालथी ठेवली, झाकण उघडलं, १४-३० लावली, उठले. बाहेरचं कापड ओलं झालं, पाठ कोरडी. कृष्णेच्या काठच्या त्या पायऱ्यांवर पुढून उघडणारी सॅक घेऊन बसले असते तर परतीचा सगळा प्रवास ओल्या पट्ट्यांनी झाला असता.

विमानाचं म्हणाल तर देशातल्या उड्डाणांना इंडिगोची मर्यादा हातातल्या सामानाला सात किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटीमीटर. माझी भरलेली सॅक त्यात आरामात बसते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. त्यासाठी वरच्या छोट्या खिशात वेगळी डबी ठेवली आहे.

ट्रायपॉडचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बाजूच्या खिशात घातला की सॅक एका अंगाला झुकते आणि स्कूटरवर पेठेतल्या गल्लीत कुठेतरी अडकण्याची भीती असते. मधोमध बाहेरून बांधला तर सॅक पालथी ठेवता येत नाही. सध्या सर्व्हेला तो वेगळ्या कापडी म्यानात खांद्यावरून नेते.

माझी सॅक बघून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला तशीच हवीशी झाली. तो पक्ष्यांचे फोटो काढतो, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, उजनीच्या काठी भिगवणला जातो. त्याला मी लगेच नको म्हटलं. त्याची २००-५०० ची निकॉन लेन्स, ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट, २३०० ग्रॅम आहे, लांबी पावणेसत्तावीस सेंटीमीटर. कॅमेरा लावला की पस्तीसच्या घरात जाते. माझ्या डब्यात ती मावणार नाही. शिवाय उजनीच्या पाण्यात तो होडीत बसतो. होडीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, तिथे सॅक पालथी कुठे ठेवणार? त्याला वरून उघडणारी, लेन्स उभी राहील अशी खोल सॅक हवी आणि कमरपट्टा खरोखर वजन घेणारा हवा. लॅपटॉपचा कप्पा त्याला लागतच नाही. रविवारी तो लेन्स कॅमेऱ्याला लावून घरी आणणार आहे. आधी त्याची पाठ मोजू, मग डेक्कनला जाऊ.